पंखाखालचा मुक्काम

ओशकोश हे नाव ऐकलं की आपल्याकडच्या माणसाला ते एखाद्या खोकल्याच्या औषधाचं वाटतं. अमेरिकेतही वर्षातले एक्कावन्न आठवडे या गावाची कुणी फारशी चौकशी करत नाही. विस्कॉन्सिन राज्यात, विनेबागो नावाच्या मोठ्या तळ्याकाठी वसलेलं, पासष्ट-सहासष्ट हजार वस्तीचं साधंसुधं गाव. पण जुलै संपता संपता एक आठवडा असा येतो की या गावात आणि आजूबाजूच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. हो, दहा हजार! आणि त्यातली बहुसंख्य कुठल्या एअरलाइनची नव्हेत, लोकांची घरची. दोन सीटची, चार सीटची, काही तर गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं बनवलेली. तेवढ्या आठवड्यापुरता इथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला टॉवर असतो.

ही जत्रा भरवते ईएए, म्हणजे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकानं मिलवॉकीजवळ ही संस्था काढली. सगळा कारभार त्याच्या घराच्या तळघरातून. पहिल्या मेळाव्याला मूठभर विमानं होती. मग १९५९ मध्ये मेळावा इलिनॉयमधल्या रॉकफर्डला गेला, आणि १९७० पासून ओशकोशला जो आला तो तिथलाच झाला. १९९८ पासून त्याचं अधिकृत नाव ‘एअरव्हेंचर’ आहे, पण म्हणतात सगळे ओशकोशच. जसं आपण ‘आषाढी एकादशीच्या सोहळ्याला चाललोय’ म्हणत नाही, ‘पंढरपूरला चाललोय’ म्हणतो.

आपल्या मेकॅनिकलमधून बाहेर पडून मी शिकायला शिकागोकडे गेलो, आणि तिथं माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्यामुळे हे गाव बघायला मिळालं. काका सांगलीकडचे. नोकरीत असताना, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि १९६७ सालची एक जुनी सेसना १७२ विकत घेतली. मावशी त्या विमानाला ‘सवत’ म्हणते. काका दरवर्षी ओशकोशला एकटे जायचे. त्या वर्षी म्हणाले, “चल रे, या वर्षी तू चल. तंबू आहे, जागा आहे. नुसती पुस्तकं काय वाचतोस?”

निघायच्या आदल्या रात्री काकांनी वजनकाटा काढला आणि सगळं सामान तोलायला घेतलं. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, शेवटी मी. या विमानाच्या मागच्या सामानाच्या कप्प्यात १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो, एवढंच ठेवायची परवानगी आहे. आणि नुसतं वजन चालत नाही, ते कुठं ठेवलंय त्यावर विमानाचा तोल ठरतो. मावशीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि रव्याचे लाडू असा डबा दिला होता. तोही काट्यावर चढला! काकांनी वहीत लिहिलं, ‘लाडू – ४ पौंड, मागची सीट’. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या गणितात लाडू आलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

आता उतरण्याची गोष्ट. दहा हजार विमानं एका गावात यायची तर सगळ्यांनी रेडिओवर बोलून कसं चालेल? म्हणून इथला नियम उलटा: पायलटनं बोलायचंच नाही, फक्त ऐकायचं. ओशकोशच्या नैर्ऋत्येला रिपन नावाचं गाव आहे. तिथून रेल्वेचे रूळ धरायचे आणि एकामागोमाग एक, अर्ध्या मैलाचं अंतर ठेवून, फिस्क नावाच्या खेड्याकडं यायचं. समुद्रसपाटीपासून १८०० फुटांवर, म्हणजे जमिनीपासून जेमतेम हजार फूट. वेग ९० नॉट, ताशी सुमारे १६७ किलोमीटर. गर्दी फार वाढली तर वाटेवरच्या तळ्याभोवती घिरट्या घालत ठेवतात. फिस्कला कंट्रोलर लोक चक्क शेतात, डोळ्याला दुर्बीण लावून बसलेले असतात. ते विमानाचा नंबर विचारत नाहीत. रंग आणि आकार बघून हाक मारतात. “पांढरी, उंच पंखांची सेसना, पंख हलव!” आपण पंख डावीकडं-उजवीकडं हलवायचे, की तेच आपलं ‘होय साहेब’. मग कुठली धावपट्टी ते सांगतात. धावपट्टीवर मोठमोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला या ठिपक्यावर, मागच्याला त्या ठिपक्यावर, अशी एकाच पट्टीवर एका वेळी दोन-तीन विमानं उतरवतात. आपल्याकडं एसटी स्टँडवर गाड्या लावतात त्यापेक्षा जास्त शिस्तीत!

रिपन सोडल्यावर थोड्या वेळानं डावीकडून एक पिवळं विमान आमच्या पुढं रांगेत घुसत होतं. मी म्हटलं, “काका, डावीकडं पिवळं.” काका म्हणाले, “कुठं?... हां, दिसलं.” त्यांनी वेग थोडा कमी केला, पिवळं विमान पुढं गेलं, विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

उतरल्यावर गवतात गाडी वळवायची. काचेत तीन अक्षरांची पाटी धरायची. जीएसी म्हणजे साधं विमान, मुक्कामाला. एचबीसी म्हणजे घरी बनवलेलं, मुक्कामाला. व्हीएसी म्हणजे जुनं-पुराणं. पाटी बघून झेंडेवाले स्वयंसेवक वाट दाखवतात. असे पाच हजारांवर स्वयंसेवक तिथं राबतात, त्यात रिटायर्ड जज्ज असतो, डेंटिस्ट असतो, शेतकरी असतो. आम्हाला ‘नॉर्थ फॉर्टी’ नावाच्या पट्ट्यात जागा मिळाली. नजर जाईल तिथपर्यंत विमानांच्या रांगा आणि प्रत्येक पंखाखाली किंवा पंखाशेजारी एक तंबू. दावणीला बांधलेल्या गुरांशेजारी गुराख्यानं घोंगडी टाकावी तसं!

मी तंबू डाव्या पंखाखाली ठोकायला लागलो तर काका म्हणाले, “तिकडं नको, उजवीकडं घे. टाकी भरलेली असली आणि ऊन तापलं की पेट्रोल फुगतं, आणि डाव्या पंखाखालच्या नळीतून टपकतं. रात्री तोंडावर निळं पेट्रोल पडलं तर मावशीला मी काय सांगू?” विमानाचं पेट्रोल खरंच निळं असतं, ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालतात. स्टोव्हही विमानांपासून चांगला लांब नेऊन पेटवायचा. तिथं काकांनी पोहे केले तर फोडणीच्या वासानं तीन रांगांपलीकडचे दोघं जण पेपरप्लेट घेऊन हजर. बाकी सगळं हॉस्टेलसारखंच. सकाळी आंघोळीला रांग, खांद्यावर टॉवेल, हातात ब्रश, आणि रांगेतच सगळ्या जगाची चर्चा. फरक इतकाच की आपल्या रांगेत मेसच्या भाजीची चर्चा असते, तिथं कार्ब्युरेटरची.

दुसऱ्या दिवशी मी घरगुती विमानांच्या दावणीत दिवसभर हिंडलो. हा भाग प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोरानं एकदा पाहावा असा आहे. अमेरिकेत नियम असा आहे की विमानाचं निम्म्याहून जास्त काम स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असेल तर ते ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. त्यामुळं इथं प्रत्येक विमानाशेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस हाच त्याचा डिझायनर, फिटर, वेल्डर आणि टेस्ट पायलट. १९७२ साली रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेननं आपलं आरव्ही-३ इथं आणलं. आज आरव्ही जातीची हजारो विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. १९७५ साली बर्ट रूटाननं ‘व्हॅरिईझी’ आणलं. फोमचे ठोकळे कापायचे, त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवायचं, साचा लागतच नाही. त्याच रूटानच्या डिझाइनच्या ‘व्हॉयेजर’नं डिसेंबर १९८६ मध्ये पेट्रोल न भरता, न थांबता, नऊ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली. एका आजोबांना मी विचारलं, हे विमान बांधायला किती दिवस लागले? म्हणाले, अकरा वर्षं. मी विचारलं, सगळ्यात अवघड काय होतं? म्हणाले, “चुकलेला रिव्हेट ड्रिल करून काढणं. तो कुणाला दिसणार नसतो, पण मला माहीत असतो.”

आपल्याकडं हे नाहीच असं समजू नका. कांदिवलीला घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा सीटचं विमान बांधलं, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये डीजीसीएनं त्याची नोंदणी केली. आजोबांना मी ही गच्चीची गोष्ट सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न, “मग ते खाली कसं आणलं?” खरा इंजिनिअर!

ज्या विमानतळावर आम्ही तंबू ठोकला त्याचं नाव विटमन विमानतळ. स्टीव्ह विटमन हा इथला १९३१ ते १९६९ इतकी वर्षं मॅनेजर होता, आणि नाणावलेला रेसिंग पायलट. विमानाच्या चाकांना गुंतागुंतीचे शॉकॲब्सॉर्बर लावण्याऐवजी त्यानं स्प्रिंग स्टीलची सरळ पट्टीच पायासारखी लावली. आपल्याकडच्या ट्रकचा पाटा असतो ना, तसाच विचार. सेसना कंपनीनं ती कल्पना घेतली. काकांच्या १९६७ च्या विमानाचे पाय म्हणजे तोच पाटा. मी रात्री ज्या पायाला चप्पल टेकवून झोपत होतो तो या माणसाच्या डोक्यातून निघालेला होता! याच विटमनचा शेवटही सांगायला हवा. एप्रिल १९९५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, स्वतः बांधलेल्या विमानातून फ्लोरिडाहून ओशकोशला परतताना तो आणि त्याची बायको अपघातात गेले. पंखावरचं कापड खालच्या प्लायवूडपासून सुटलं होतं. ते नीट चिकटवलेलं नव्हतं, आणि त्यातून पंखाला फ्लटर आला. साठ-सत्तर वर्षं विमानं बांधलेला माणूस. काका हे सांगताना म्हणाले, “गोंदाला तुमचं नाव माहीत नसतं.”

तिसऱ्या रात्री वादळ आलं. ओशकोशला पाऊस नवा नाही. २०१० साली तर इतका चिखल झाला होता की लोकांनी त्या वर्षाचं नावच ‘स्लॉशकोश’ ठेवलं. रात्री बाराच्या सुमाराला मोबाइलवर इशारे यायला लागले. सगळ्या दावणीत टॉर्च पेटले. काकांनी मला उठवलं आणि आम्ही दोर तपासायला घेतले. दोन पंखांना दोन, शेपटीला एक. मी जोर लावून दोर आवळायला लागलो तर म्हणाले, “फार आवळू नकोस, इंचभर सैल ठेव. घट्ट बांधलास तर दोर पंखाला उलटा खाली ओढतो, त्यासाठी तो बनवलेला नाही. आणि फार सैल सोडलास तर हिसका बसून मेख उपटते.” शेजारच्या विमानाचे मालक गावात हॉटेलवर गेले होते. त्यांच्या मेखा काकांनी हलवून बघितल्या, एक हातात आली. पलीकडच्या रांगेतल्या कुणीतरी स्वतःची जास्तीची मेख दिली, तिसऱ्यानं हातोडा आणला. दहा मिनिटांत काम झालं. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही.

मित्रहो, हा दोर एवढा महत्त्वाचा का, याचं गणित फर्स्ट इयरच्या मुलालाही जमेल. या विमानाच्या पंखाचं क्षेत्रफळ १७४ चौरस फूट, म्हणजे १६.२ चौरस मीटर. रिकाम्या विमानाचं वजन सहाशे किलोच्या आत. समोरून ५० नॉटचा वारा आला, म्हणजे सेकंदाला २५.७ मीटर, आणि लिफ्ट कोइफिशंट १ धरला, तर उचलणारं बल येतं सुमारे ६४०० न्यूटन. साडेसहाशे किलो! म्हणजे उभं असलेलं विमान, इंजिन बंद, आत कुणी नाही, आणि तरी ते उडायला तयार. उभ्या विमानाच्या पंखाचा कोन कमी असतो म्हणून प्रत्यक्षात बल कमी येतं, पण झोत खालून आला की हिशेब बदलतो. पंखाला तुम्ही पायलट आहात की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. वारा आला की तो आपलं काम करतो.

विजा सुरू झाल्यावर तंबूत थांबण्यात अर्थ नव्हता. आम्ही विमानातच जाऊन बसलो, ॲल्युमिनियमची बंद पेटीच ती. काकांनी जाता जाता पिटॉट ट्यूबचं कव्हर काढलं. “बघू तरी वारा किती येतो.” विमानाचं नाक नेमकं वाऱ्याकडं होतं. पाऊस असा कोसळत होता की काचेबाहेर काही दिसेना. आणि मग झोत आला की वेगाचा काटा जागचा उठायला लागला. जमिनीला बांधलेल्या विमानात बसून आम्ही ताशी ४५ मैलांनी चाललो होतो! पंख वर उचलायचे, दोर ‘टण्ण’ करून ताणायचा, पाटा करकरायचा. मी दांडा घट्ट धरून बसलो होतो. काका मात्र शांत. म्हणाले, “आपण दोघं बसलोय ना, दीडशे किलो आपलेच. शिवाय लाडू.”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “अरे, हे शेवटचं ओशकोश बरं का.”

मला वाटलं थट्टा करतायत.

“विमान विकायचं ठरवलंय. उद्या प्रोपेलरला पाटी लावणार आहे.”

“का पण काका? मेडिकल आहे ना तुमचं अजून?”

“कागदावर आहे रे. ते पिवळं विमान आठवतं? ते मला तुझ्या आधी दिसायला हवं होतं. तू सांगितलंस तरी मला शोधायला तीन-चार सेकंद लागले. डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं मी अजून वाचतो, पण तक्ता हलत नसतो.”

मी म्हटलं, “कुणी बरोबर असलं की चालेल की.”

“दरवेळी कोण असणार? आणि मागून येणाऱ्याचं काय? तो माझ्या भरवशावर तिथं उडत असतो. हे सगळं चालतं कशावर, तर प्रत्येक जण बाहेर बघतोय या भरवशावर. मला कुणी सांगायच्या आत मी थांबलेलं बरं.”

एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. बाहेर वीज चमकली तेव्हा त्यांचा हात पॅनलवर होता, आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. मी काही बोललो नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पाऊस ओसरला. आम्ही उतरून शेजारच्यांची मेख पुन्हा एकदा बघितली, ती जागेवर होती.

सकाळी काकांनी खरंच पाटी लावली. ओशकोशला ती पद्धतच आहे, प्रोपेलरला पुठ्ठा अडकवायचा, किंमत आणि फोन नंबर. दुपारपर्यंत पाच-सहा जण येऊन गेले. एकजण आला, चांगले कपडे, आत न बघताच किंमत कबूल करायला तयार. काकांनी त्याला गोड बोलून वाटेला लावलं. संध्याकाळी एक पंचविशीचा मुलगा आला, नखांत ग्रीस. कुठल्याशा छोट्या विमानतळावर मेकॅनिक होता. त्यानं किंमत विचारलीच नाही. आधी लॉगबुकं मागितली, मग ओल्या गवतात पाठीवर झोपून विमानाच्या पोटाखाली टॉर्च मारत अर्धा तास काढला. बाहेर येऊन म्हणाला, उजव्या ब्रेकच्या नळीला चरा पडलाय. काका म्हणाले, “माहीत आहे, बदलायची आहे. तुला दिसली का ते बघत होतो.” पैशाची बोलणी नंतर फोनवर झाली. काकांनी थोडं कमी घेतलं, हे मावशीनं मला सांगितलं, काकांनी नाही.

परतताना आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. काका मला म्हणाले, “तू डावीकडं बघ, मी उजवीकडं बघतो.” सगळी वाट आम्ही तेच करत आलो.

सप्टेंबरात तो मुलगा विमान घेऊन गेला. मावशीला वाटलं आता हे घरी निवांत बसतील. कसलं काय! पुढच्या जुलैत काका गाडीनं ओशकोशला गेले, स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं आणि आठवडाभर उन्हात उभं राहून नॉर्थ फॉर्टीत येणाऱ्या विमानांना झेंडा दाखवला. मला फोटो पाठवला: डोक्यावर टोपी, हातात झेंडा, मागं विमानांची रांग. खाली लिहिलं होतं, ‘आज एकानं मेखा आणल्याच नव्हत्या. माझ्या दिल्या.’